मासे मोजण्याची फळी आणि तिच्या पाठीवरचा वजनाचा तक्ता

गोड्या पाण्यातला मासा गळाला लागला किंवा तळ्यातल्या जाळ्यात आला की पहिला प्रश्न वजनाचा निघतो, आणि काटा जवळ नसेल तर त्याचे उत्तर बहुधा दोन्ही हात पसरून दिले जाते. या पसरलेल्या हातांना थोडी शिस्त लागावी अशा हेतूने बनवलेला एक संच मुंबईत सध्या मिळतो. त्याचे हे परीक्षण. संचात पांढऱ्या जाड प्लास्टिकची ६० सेंटीमीटरची फळी, आकड्याला मासा अडकवून तोलण्याचा छोटा डिजिटल काटा, शिंप्याकडे असते तशी कापडी टेप आणि घडीचे एक माहितीपत्रक एवढ्या वस्तू येतात. फळीच्या पाठीवर रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि मरळ या पाच माशांचा तक्ता छापलेला असून लांबी पाहिली की वजन कळते, असा विक्रेत्यांचा दावा आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास गळ-दोरीचे सामान विकणाऱ्या एका दुकानातून मी हा संच साधारण बाराशे रुपयांना घेतला. ऑनलाइनही तो जवळपास याच किमतीला मिळतो. साचा आणि तक्ता एकच असलेली ही फळी तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकली जात असल्यामुळे कंपनीचे नाव देण्यात फारसा अर्थ नाही. पाठीवरचा निळ्या अक्षरांतला पाच माशांचा तक्ता हीच तिची खूण समजावी.

फळीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. एका टोकाला माशाचे तोंड टेकवण्यासाठी उभा कठडा आहे, तो काटकोनात बसवलेला आहे, आणि शून्याची खूण कठड्याच्या आतल्या कडेशी तंतोतंत जुळते. स्वस्त फळ्यांमध्ये नेमकी इथेच दोन-तीन मिलिमीटरची गफलत असते. पोलादी पट्टी लावून पाहिली तर शेवटपर्यंतच्या खुणा बरोबर निघतात. आकडे चिकटवलेले नसून कोरलेले आहेत. मधोमध उथळ पन्हळ असल्यामुळे जिवंत मासासुद्धा क्षणभर स्थिर राहतो, मात्र मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर फळी आधी ओली करून घ्यावी, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर फळीला लागून निघतो आणि माशाला पुढे बुरशीचा त्रास होऊ शकतो. साठ सेंटीमीटर ही लांबी मात्र तोकडी आहे. वाम ९० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि जुना, पोसलेला कटलाही या फळीवर मावत नाही. अशा वेळी शेपटी बाहेर लोंबत ठेवून अंदाज बांधावा लागतो आणि मग फळी घेऊन जाण्याचे कारणच उरत नाही. पवईसारख्या मगरींच्या तलावावर काठाशी ओणवे होऊन हे सगळे निवांत करता येईल, अशीही कुणी कल्पना करू नये.

खरा प्रश्न मोजण्याच्या पद्धतीचा आहे आणि त्याबाबत माहितीपत्रक पूर्ण मौन बाळगते. माशाची लांबी तीन प्रकारे मोजली जाते. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या सर्वांत लांब पात्याच्या टोकापर्यंतची ती पूर्ण लांबी. शेपटीच्या दुभाजणाऱ्या खाचेपर्यंतची ती खाचेपर्यंतची लांबी. आणि शेपटीचा पंख जिथून सुरू होतो त्या सांध्यापर्यंतची ती मानक लांबी. मरळीची शेपटी गोल असल्यामुळे तिच्या बाबतीत पहिल्या दोन लांब्या एकच ठरतात, पण रोहू-कटल्याची शेपटी खोल दुभागलेली असते आणि त्यांच्यात पूर्ण लांबी मानक लांबीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने तरी जास्त भरते. लांबीतला हा पाचवा हिस्सा वजनाच्या हिशोबात तिहेरी गुणला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे मौनाची किंमत कळते. तक्त्यातल्या हिशोबाने ४८ सेंटीमीटर पूर्ण लांबीचा रोहू सुमारे १,३८० ग्रॅमचा असायला हवा. एखाद्याने तोच मासा शेपटीच्या सांध्यापर्यंत मोजून ४० सेंटीमीटर असा वाचला तर तक्ता त्याला ८०० ग्रॅम सांगेल. मासा तोच, फळी तीच, आणि फरक जवळपास सहाशे ग्रॅमचा.

मग छापलेला तक्ता कोणत्या लांबीसाठी आहे? हे शोधण्यासाठी मत्स्यशास्त्रातला एक जुना निर्देशांक कामी येतो. ग्रॅममधल्या वजनाला १०० ने गुणायचे आणि सेंटीमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचे. येणाऱ्या संख्येला सुस्थिती निर्देशांक म्हणता येईल. रोहूच्या रकान्यात ४० सेंटीमीटरपुढे ८०० ग्रॅम आहेत, म्हणजे निर्देशांक १.२५ येतो. रोहूच्या अंगलटीचा मासा पूर्ण लांबीने मोजला तर साधारण एवढाच निर्देशांक अपेक्षित असतो. मानक लांबीने मोजला असता तो बराच वर, दोनच्या आसपास गेला असता. तेव्हा तक्ता पूर्ण लांबीचा आहे हे उघड आहे. हे एक वाक्य फळीवर छापायला कंपनीला काय अडचण होती, ते समजत नाही. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था उभी आहे, माशाची लांबी कशी मोजावी हे तिथे पहिल्या वर्गातच शिकवले जात असणार. त्याच शहरात विकल्या जाणाऱ्या मोजफळीवर लांबीचा प्रकार लिहिलेला नसावा, हे जरा खटकते.

हाच निर्देशांक तक्त्यातल्या इतर आकड्यांना लावल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. रोहूसाठी ३० सेंटीमीटरलाही १.२५, ५० लाही १.२५ आणि ६० लाही १.२५. कटल्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १.५, मृगळाच्या रकान्यात १.१, मरळीच्या ०.९. दुसऱ्या शब्दांत, छपाईतली पूर्णांकी काटछाट सोडली तर पाचही माशांत ६० सेंटीमीटरचे वजन ३० सेंटीमीटरच्या वजनाच्या बरोबर आठपट आहे. खऱ्याखुऱ्या माशांना काट्यावर ठेवून हा तक्ता केला असता तर पाच वेगळ्या अंगलटींच्या जातींमध्ये एवढा नेमका मेळ कधीच बसला नसता. कोणीतरी प्रत्येक जातीसाठी एकच आकडा घेतला, त्याने लांबीचा घन गुणला आणि रकाने भरले, एवढाच याचा अर्थ होतो.

यात तत्त्व चुकीचे नाही, अपुरे आहे. एखाद्या वस्तूचा आकार न बदलता ती सगळ्या बाजूंनी दुप्पट झाली तर तिचे आकारमान, आणि घनता तीच राहिली तर वजनही, आठपट होते. भूमितीचा हा घननियम माशांनाही ढोबळमानाने लागू पडतो. लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर वजन तेहतीस टक्क्यांनी वाढते. म्हणूनच ४० सेंटीमीटरच्या रोहूत एका सेंटीमीटरची चूक साठ ग्रॅमची असते, तर ५८ सेंटीमीटरच्या रोहूत तीच चूक सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जाते. पण मासा वाढताना आपली ठेवण जशीच्या तशी राखतोच असे नाही. स्कॉटलंडमधले मत्स्यसंशोधक फुल्टन यांनी १९०४ मध्येच हजारो मासे मोजून दाखवले होते की घननियम माशांना तंतोतंत लागू होत नाही आणि बहुतेक जाती लांबीच्या मानाने नियमापेक्षा थोड्या अधिक वजनदार होत जातात. गंमत अशी की घननियमावर उभा असलेला वरचा सुस्थिती निर्देशांक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुढे रूढ झालेले सूत्र अधिक लवचीक आहे. वजन म्हणजे एक स्थिरांक ‘अ’ गुणिले लांबीचा ‘ब’ इतका घात. ‘ब’ नेमका ३ असेल तर मासा आकार न बदलता वाढतो. ३ पेक्षा जास्त असेल तर तो वाढता वाढता भरदार होतो आणि कमी असेल तर सडपातळ होत जातो. बहुतेक जातींमध्ये ‘ब’ हा २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान सापडतो आणि सरासरीने ३ च्या किंचित वर असतो. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की वामेसारख्या लांबट माशाचा ‘ब’ लहान आणि कटल्यासारख्या पोटाळ माशाचा मोठा असणार. वास्तविक माशाची अंगलट ‘अ’ मध्ये असते. सापासारख्या माशांत ‘अ’ ०.००१ च्या आसपास, रोहूसारख्या मध्यम बांध्यात ०.०१ च्या आसपास आणि उंच, चपट्या माशांत ०.०२ किंवा त्याहून अधिक असतो. ‘ब’ सांगतो ते वाढीच्या ओघात ती अंगलट कशी बदलते एवढेच. हे आकडे सेंटीमीटर आणि ग्रॅम धरून आहेत. फळीच्या दुसऱ्या कडेला इंच आहेत म्हणून कोणी इंचांत लांबी घेऊन हाच ‘अ’ वापरला तर उत्तर हास्यास्पद येईल.

मग कंपनीने सरसकट ३ धरले म्हणून तक्ता टाकाऊ ठरतो का? माझे मत तसे नाही. समजा एखाद्या तलावातल्या रोहूचा खरा ‘ब’ ३.१ आहे आणि ४० सेंटीमीटरला तक्त्याचे ८०० ग्रॅम त्याच्याशी जुळतात. तर ६० सेंटीमीटरला खरे वजन २,७०० ऐवजी सुमारे २,८१० ग्रॅम येईल आणि २० सेंटीमीटरला १०० ऐवजी ९३. चार ते सात टक्क्यांची ही तफावत गळ टाकणाऱ्याला सहज सोसण्यासारखी आहे. तक्त्याची खरी उणीव वेगळीच आहे. तो प्रत्येक लांबीपुढे एकच वजन लिहितो, जणू त्या लांबीचे सगळे मासे एका साच्यातून निघाले असावेत. प्रत्यक्षात त्याच तळ्यात, त्याच लांबीच्या दोन रोहूंच्या वजनात पंधरा-वीस टक्क्यांचा फरक असणे मुळीच असाधारण नाही.

हा फरक कोठून येतो ते पाहिले की फळीचा सगळ्यांत चांगला उपयोगही कळतो. पावसाळा तोंडावर आला की रोहू, कटला, मृगळ यांच्या माद्या गाबोळीने भरतात आणि पिकलेली गाबोळी मादीच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून बरीच जास्त असू शकते. हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. अंडी घातलेली मादी लांबीने तेवढीच राहते, वजनाला मात्र चांगलीच उतरते. वर्षभरात पाण्यातले अन्न, तापमान, प्राणवायू बदलत राहतात, आणि सांडपाणी व जलपर्णी यांनी ग्रासलेल्या पवईसारख्या तलावात तर हे बदल फार तीव्र असतात. ज्या तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, प्रमाणाबाहेर सोडली जाते तिथे डोके मोठे आणि मागचे अंग वाळलेले असे मासे निघतात. लांबी वाढलेली असते, वजन मागे राहिलेले असते. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरातल्या पर्च माशांवर ल क्रेन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आजही पायाभूत मानला जातो, आणि त्याचा भर नेमका यावरच होता की लांबीवरून अपेक्षित असलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांचे गुणोत्तर ऋतूनुसार कसे हलते. १९७८ मध्ये अमेरिकेत वेगे आणि अँडरसन यांनी तलावातल्या बास माशांसाठी हीच कल्पना टक्केवारीत मांडली: त्या जातीचे प्रमाण वजन म्हणजे शंभर, आणि हातातला मासा त्याच्या किती टक्के.

तेव्हा तक्ता वजन सांगण्यासाठी वापरण्यापेक्षा माशाची प्रकृती ओळखण्यासाठी वापरावा, असा माझा आग्रह आहे. मासा मोजावा, काट्यावर तोलावा आणि प्रत्यक्ष वजन तक्त्यातल्या वजनाच्या किती टक्के येते ते लिहून ठेवावे. पन्नास सेंटीमीटरच्या रोहूपुढे तक्त्यात १,५६० ग्रॅम आहेत. तो १,३०० भरला तर त्र्याऐंशी टक्के झाले, आणि तळ्यातले बहुतेक मासे असेच निघू लागले तर खाद्याकडे, संख्येकडे किंवा पाण्याकडे लक्ष द्यायला हवे हे समजते. नुसते वजन किंवा नुसती लांबी लिहून ठेवणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. विक्रेते संचाची जाहिरात ‘काट्याशिवाय वजन’ अशी करतात. माझ्या मते फळी आणि काटा एकत्र वापरले तरच या खरेदीला अर्थ आहे.

दुर्दैवाने संचातला काटा या कामाला पुरा पडत नाही. तो दहा-दहा ग्रॅमने वाचन दाखवतो, ते ठीक आहे; पण मासा हलला की आकडा स्थिर व्हायला फार वेळ घेतो, आणि कमी वजनाला त्याचा कल जास्त दाखवण्याकडे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे मापून भरलेली बाटली टांगून आणि रिकाम्या बाटलीचे वजन वजा करून काटा घरीच तपासता येतो. प्रत्येकाने तो तपासूनच वापरावा. आकडा थेट कल्ल्यात अडकवण्याची सूचना माहितीपत्रकात आहे, ती पाळू नये. परत सोडायच्या माशाचे कल्ले त्याने फाटतात. ओल्या कापडाची झोळी करून तिच्यात मासा ठेवावा आणि झोळीचे वजन नंतर वजा करावे. शिवाय या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का नाही, म्हणून मासे विकताना तो वापरणे नियमाला धरून होणार नाही; तळे राखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कापडी टेपेकडे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती वजन वाढवण्यापुरती घातली असावी असे वाटते, पण संचातली ती सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे. माहितीपत्रकात पाश्चात्त्य गळकऱ्यांमध्ये प्रचलित असलेले एक सूत्र दिले आहे: पाठीवरच्या पंखाच्या पुढे, जिथे अंग सर्वांत जाड असते तिथे घेर मोजायचा, लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले ८००, लांबी-घेर इंचांत घेतले तर उत्तर पौंडांत येते. वीस इंच लांब आणि बारा इंच घेराच्या माशाचे वजन यावरून ३.६ पौंड, म्हणजे सुमारे १ किलो ६३० ग्रॅम निघते. घेर तेरा इंच असला तर तेच वजन ४.२ पौंडांच्या वर, जवळपास १ किलो ९२० ग्रॅम होते. एका इंचाने पावणेतीनशे ग्रॅमहून अधिक फरक पडला, आणि हा फरक लांबी-वजनाच्या तक्त्याला दिसूच शकत नव्हता, कारण मासा भरलेला आहे की वाळलेला हे घेर सांगतो, लांबी सांगत नाही. आठशे हा भाजक काही सगळ्या जातींना सारखा लागू होत नाही. मरळीसारख्या नळकांडी अंगाला आणि दोन्ही बाजूंनी चपट्या चिलापीला तो वेगवेगळा लागेल. तरीही पवईच्या काठावर काटा न काढता, मासा लवकर पाण्यात सोडायचा असेल तर फळी आणि टेप ही जोडी तक्त्यापेक्षा विश्वासाची वाटते. मुंबईच्या तलावांत सर्रास सापडणारी ही चिलापी तक्त्यात मुळातच नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

तळे किंवा शेततळे राखणाऱ्यांसाठी मात्र एक सावधगिरीची गोष्ट विस्ताराने सांगायला हवी. माझ्या एका नातेवाइकांचे कर्जतच्या बाजूला शेततळे आहे आणि तिथे या फळीचा उपयोग नमुना तपासणीसाठी होतो: फेकजाळ्याने काही मासे काढायचे, लांबी मोजायची, सरासरी लांबी काढायची, तक्त्यात तिच्यापुढचे वजन पाहायचे आणि त्याला एकूण माशांच्या संख्येने गुणून तळ्यात किती किलो मासळी आहे ते ठरवायचे. रोजचे खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के असे धरले जात असल्यामुळे या आकड्यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो. माहितीपत्रकातही हीच पद्धत सुचवली आहे, आणि ती चुकीची आहे. टोकाचे उदाहरण घ्यायचे तर एक मासा ३० सेंटीमीटरचा आणि एक ५० सेंटीमीटरचा असला तर सरासरी लांबी ४० आणि तक्त्यातले वजन ८०० ग्रॅम. पण त्या दोघांची खरी वजने सुमारे ३४० आणि १,५६० ग्रॅम, म्हणजे सरासरी ९५०. वजन लांबीच्या घनाने वाढत असल्यामुळे मोठे मासे सरासरी वर ओढतात, आणि सरासरी लांबीवरून काढलेले वजन नेहमीच कमी भरते. तळ्यातले मासे जितके लहान-मोठे, तितकी ही तूट मोठी. म्हणून प्रत्येक माशाचे वजन वेगळे काढून मगच सरासरी घ्यावी. काम थोडे वाढते, पण हिशोब खरा होतो.

बाजारात मासे घेणाऱ्याला ही फळी कितपत लागेल? मुंबईत कोळणी समुद्राची मासळी वाट्यावर किंवा नगावर विकतात आणि भावही नजरेने ठरतो. रोहू-कटला मात्र किलोवर जातो, थर्माकोलच्या पेट्यांत बर्फात दडपून आंध्रातून येणारा असो की राज्यातल्या जलाशयांतला असो. काटा समोर असताना लांबी मोजण्याला काही प्रयोजन नाही. चेंबूरच्या बाजारात रोहू विकणाऱ्या एका बाईंनी पिशवीतली फळी पाहून “काय हो भाऊ, मासा घ्यायचाय की सदरा शिवायचाय?” असे विचारले, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. एकाच लांबीच्या दोन माशांत कोणता अधिक भरलेला आहे, हे पाहायला अनुभवी गिऱ्हाइकाचा अंगठा पुरतो. बर्फात राहिलेला, ताठरलेला मासा फळीवर मोजून तक्त्याशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही, कारण मेल्यानंतर लांबी किंचित आखडते आणि वजनही बर्फाच्या पाण्याने हलते.

नियमांच्या दृष्टीने मात्र लांबी वजनापेक्षा भरवशाची आहे, हे अलीकडे आपल्याकडेही मान्य झाले. २०२३ मध्ये राज्य शासनाने समुद्री माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याची किमान आकारमर्यादा ठरवली, ती लांबीतच. हलत्या होडीवर काटा स्थिर राहत नाही, पण पट्टी लागते. मासा उपाशी आहे की पोट भरलेला, गाबोळीचा आहे की रिकामा, याने लांबी बदलत नाही. गोड्या पाण्यातल्या माशांसाठीही असे काही ठरलेच तर ही फळी एकदम कामाची होईल, आणि तेव्हा तरी तिच्यावर ‘पूर्ण लांबी’ हे दोन शब्द छापले जातील अशी आशा आहे.

ज्यांना तक्ता खरोखर वापरायचा आहे त्यांनी तो स्वतःच्या तलावासाठी नव्याने करावा. यासाठी फार गणित लागत नाही. लहान, मध्यम आणि मोठे असे सगळ्या मापांचे मासे घ्यावेत, तोंड मिटलेले आणि शेपटी नैसर्गिक ठेवून पूर्ण लांबी घ्यावी, वजन करावे, आणि प्रत्येकाचा वर सांगितलेला सुस्थिती निर्देशांक काढावा. निर्देशांक सगळ्या मापांत साधारण तोच राहिला तर घननियम चालतो आणि त्या सरासरी निर्देशांकावरून तक्ता बनतो. लांबीबरोबर तो चढत गेला तर ‘ब’ ३ पेक्षा मोठा आहे, उतरत गेला तर लहान. ज्यांना संगणकावर तक्ते करता येतात त्यांनी लांबी आणि वजन दोहोंचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढावा. वक्र रेषा सरळ होते आणि तिचा चढ हाच ‘ब’. मिळालेले सूत्र मोजलेल्या मापांच्या बाहेर ताणू नये. वीस ते चाळीस सेंटीमीटरच्या माशांवरून बोटुकलीचे किंवा साठ सेंटीमीटरच्या माशाचे वजन सांगायला गेले की ते फसवते. ताडून पाहण्यासाठी फिशबेस या मुक्त माहितीसाठ्यात जगभरच्या अभ्यासांतले ‘अ’ आणि ‘ब’ जातवार दिलेले आहेत, आणि तिथे लांबी कोणत्या प्रकारची आहे हेही प्रत्येक ओळीत नोंदलेले असते.

हा नवा तक्ता फळीच्या पाठीवरच, छापील निळ्या आकड्यांशेजारच्या रिकाम्या जागेत पक्क्या शाईच्या मार्करने लिहिता येतो. ती बाजू खडबडीत ठेवलेली असल्यामुळे शाई चांगली टिकते, फक्त वास घालवण्यासाठी लिंबू आणि साबणाने त्या बाजूला घासू नये. काटा नको असे सांगितले तर दुकानदार नुसती फळी आणि टेप साडेसातशेला देतो. हा सौदा मला पूर्ण संचापेक्षा परवडणारा वाटला. वाचलेल्या रकमेत थोडी भर घालून एक ग्रॅमपर्यंत वाचणारा, वजन स्थिर झाल्यावर आकडा धरून ठेवणारा काटा वेगळा घ्यावा.